बोलणारा एक, लिहिणारा दुसरा

(वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत जळगाव इथं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. ज्या रुग्णांचा उल्लेख आला आहे त्यांची गावं आणि तपशील बदलले आहेत.)



१९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक माणूस बोलत होता आणि दुसरा भराभरा लिहून घेत होता. बोलणारे विनोबा, लिहिणारे साने गुरुजी. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहेत ती त्या लिहिणाऱ्या हातामुळं. इकडं जळगावात आसोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई घरात आणि शेतात काम करता करता ओव्या रचत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, त्या टिपून ठेवल्या, म्हणून १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्यावर पुढच्याच वर्षी त्या ओव्यांचं पुस्तक निघालं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. खानदेशाला लिहून घेणाऱ्यांची अशी थोर परंपरा आहे.

मीही लिहून घेणाऱ्यांच्याच धंद्यातला, पण अगदी तळाच्या पायरीवरचा. पतपेढ्या आणि दूध संस्थांचे हिशेब संगणकावर चढवून देता देता एक दिवस एका व्यसनमुक्ती केंद्राच्या नोंदवह्या समोर आल्या, आणि मग त्यांतून सुटलोच नाही. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. मला एवढंच कळतं की साने गुरुजींनी लिहिलं ते जगानं वाचावं म्हणून, आणि केंद्रातला समुपदेशक लिहितो ते जगानं वाचू नये म्हणून. आता सगळे म्हणताहेत की जगानं नाही तर नाही, निदान केंद्रांनी एकमेकांचं तरी वाचावं; जळगाव आणि धुळ्याच्या व्यसनमुक्ती सेवांची माहिती एकत्र जोडावी. माझं आजचं बोलणं त्या ‘तरी’बद्दल आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर इथले ग्रंथपाल होते. माझ्या तरुणपणी अनिल अवचटांचं व्यसनावरचं ‘गर्द’ हे पुस्तक या वाचनालयात होतं, पण कपाटात कधीच नसायचं. ते सरांच्या टेबलाच्या खणात असे. ज्याला हवं त्याला ते गुपचूप देत, रजिस्टरात नोंद न करता. मी एकदा आगाऊपणानं विचारलं, “सर, परत नाही आलं तर?” ते म्हणाले, “येतं रे. नोंद केली की न्यायलाच कुणी येत नाही.” सर सुटले, त्यांच्याकडं एकच पुस्तक होतं. आपल्या खणात औषधं आहेत, आणि औषध नोंदीशिवाय देता येत नाही.

आधी एक हकिगत सांगतो. पारोळ्याकडचा एक शेतकरी, वय चाळिशीच्या आत, रोजची पिणारी असामी. त्याला जळगावला दाखल केलं. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. डॉक्टरांनी सावरलं, महिन्याभरानं तो घरी गेला, चार महिने कोरडा राहिला आणि एका लग्नात पुन्हा सुरू झाला. या वेळी घरचे त्याला धुळ्याला घेऊन गेले. जळगावला पुन्हा कोणत्या तोंडानं जायचं? धुळ्याच्या अर्जावर एक रकाना होता: ‘यापूर्वी उपचार घेतले आहेत का?’ मोठ्या भावानं ‘नाही’ असं लिहिलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलटकराला द्यायचं तेवढं औषध सुरू केलं. दुसऱ्या रात्री मोरीकडं जाताना तो फिट येऊन पडला, कपाळावर टाके पडले. जिवावरचं टाक्यांवर निभावलं.

यामागचं वैद्यकशास्त्र डॉक्टरांनी मला समजावलं तसं सांगतो. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चालतात, खिडकीत मेलेला बाप उभा दिसतो. उपचार नसले तर माणूस यात दगावतोही. आणि ज्याला मागं एकदा फिट आली किंवा भ्रम झाला, त्याला पुढच्या खेपेला तसंच होण्याचा धोका जास्त. म्हणजे धुळ्याच्या डॉक्टरांना त्या माणसाचा सगळा जीवनपट नको होता. एक ओळ हवी होती. ती जळगावच्या कपाटात होती. मधलं अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. एरंडोल, पारोळा, फागणे करत एसटी दोन-अडीच तासांत पोचवते. त्या ओळीला चार महिन्यांत पोचता आलं नाही.

ही हकिगत मी जोडणीच्या बैठकीत सांगतो तेव्हा लगेच कुणीतरी म्हणतं, मग जोडून टाका ना संगणक! दोन जिल्ह्यांतली सगळी केंद्रं, जळगाव आणि धुळ्याची दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सगळं एका पडद्यावर. मी स्वतः हेच म्हणत होतो. हिशेबाच्या माणसाला एकत्रीकरणासारखं सुख नाही. पतपेढीत असताना एका माणसानं चार पतपेढ्यांतून कर्ज उचललेलं पकडायला मी असंच सॉफ्टवेअर लिहिलं होतं. पण कर्जबुडव्या आणि दारू सोडू पाहणारा यांत फरक आहे. कर्जबुडव्याला पकडायचं असतं. दुसऱ्याला यावंसं वाटलं पाहिजे.

तो भाऊ खोटं का बोलला, हे विचारायला मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो. तो म्हणाला, दुसऱ्यांदा आलाय म्हटल्यावर ते घेणार नाहीत असं वाटलं, आणि घेतलं तरी हिणवतील. समजा दोन्ही केंद्रं जोडलेली आहेत हे त्याला ठाऊक असतं, तर त्यानं खरं सांगितलं असतं का? मला वाटत नाही. तो भावाला घेऊन सुरतेला गेला असता, नाहीतर एखाद्या भगताकडं. अंगारा द्यायला भगत पूर्वेतिहास मागत नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात देशातल्या दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी निघाली, आणि ज्यांना त्यासाठी मदतीची गरज आहे असे पावणेसहा कोटींच्या आसपास. त्यातला मला न विसरता येणारा आकडा वेगळाच आहे. दारूवर पुरते अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकानं कधीतरी कसला तरी उपचार घेतल्याचं सांगितलं. दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० मध्ये एक. आपण जोडणी आखतो ती त्या आत आलेल्या एकासाठी. ती बघून बाहेरचे सदतीस आणखी दोन पावलं मागं सरकणार असतील तर आपण काय कमावलं?

आणि लोकांची भीती बिनबुडाची नाही. आपल्या राज्यात दारू पिणाऱ्यांची यादी ही कल्पनाच जुनी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो प्रकृतीच्या कारणावरून देण्याची सोय आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी प्रत्येक पिणारा हा नोंदलेला रुग्णच! परवाना किती जण खिशात ठेवतात हे मी या सभागृहात विचारत नाही. उलट ज्या चळवळींनी माणसं खरोखर दारूपासून सोडवली, त्यांनी याद्या केल्या नाहीत. १९३७-३८ मध्ये त्या वेळच्या पश्चिम खानदेशात, तळोद्याच्या बाजूला, गुलाम महाराजांच्या मागं ‘आप की जय’ म्हणत हजारो आदिवासींनी दारू सोडली. ते एकत्र जमत, एकमेकांना पाहत, तीच नोंद. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या तर नावातच अनामिकता आहे. तिथं माणूस पहिल्या नावानं उभा राहतो आणि बाकी कुणी विचारत नाही. केंद्राला आणि रुग्णालयाला हे परवडत नाही, मान्य. पण आपण कुणाच्या अंगणात संगणक मांडतो आहोत याचं भान असावं.

एकदा मांडला आणि फुटला तर काय होतं, हे फिनलंडनं पाहिलं. तिथं वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी होती. समुपदेशकासमोर माणसं जे बोलली ते सगळं संगणकात जसंच्या तसं लिहिलेलं, आणि त्याला कुलूप जेमतेम. चोरानं आधी कंपनीकडं खंडणी मागितली, मग २०२० च्या ऑक्टोबरात थेट रुग्णांना एकेकट्याला पत्रं पाठवली: पैसे टाका, नाहीतर तुमचं बोलणं जाहीर करतो. सुमारे ३३ हजार माणसं. कंपनीचं दिवाळं निघालं, पुढं चोरालाही शिक्षा झाली. पण जाहीर झालेलं बोलणं परत तोंडात घालता येत नाही. एवढं लांब कशाला, २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा हल्ल्यानं बंद पडली तेव्हा देशातलं अग्रगण्य रुग्णालय जवळजवळ दोन आठवडे कागदावर चाललं. मी स्वतः पाहिलेली गोष्ट याहून किरकोळ आहे. एका केंद्रातल्या उत्साही कार्यकर्त्यानं रुग्णांची एक्सेल फाइल चुकून भलत्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत काढलीही. तेवढ्यात एका मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याला व्यसन सोडून दोन वर्षं झाली होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते माझ्या धंद्याच्या पोटावर पाय देणारं आहे: या दोन जिल्ह्यांची सामायिक यंत्रणा जेवढी लहान करता येईल तेवढी करावी. वाटून घ्यायचं ते एका पोस्टकार्डावर मावावं. मागं फिट किंवा भ्रम झाला होता का. सध्या कोणती औषधं चालू आहेत, विशेषतः डायसल्फिराम आणि अफूजन्य पदार्थांवरची. कशाची ॲलर्जी. केंद्रातून कधी सुटला. कुणाला फोन करायचा. बस.

डायसल्फिरामबद्दल थोडं थांबतो, कारण खानदेशात त्याला ‘दारू सोडायची गोळी’ एवढंच नाव आहे आणि काही घरांत ती माणसाला न सांगता वरणात घातली जाते. ती पोटात असताना दारू पडली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. हृदयाचा त्रास असलेल्याच्या जिवावर बेततं. बायकोनं ती इथून घेतलेली असते, नवरा पडतो तिकडं. तिथल्या कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरला हे कळायला हवं, आणि रात्री दोन वाजता कळायला हवं. इथं मात्र लपवाछपवी चालणार नाही. तशीच गोष्ट अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर देतात त्या बुप्रेनॉर्फिनची. पंजाबनं २०१७ पासून ओपीडीत ते द्यायला सुरुवात केली तेव्हा सगळी केंद्रं एका यंत्रणेत जोडली, कारण एकाच माणसानं दोन खिडक्यांवरून औषध उचलून एक बाजारात विकू नये. आपल्याकडं हेरॉइनचा प्रश्न पंजाबएवढा नाही. आपला त्रास हातभट्टीचा, शिरपूरच्या डोंगरात पोलीस दरवर्षी उपटतात त्या गांजाचा, कोडीनच्या खोकल्याच्या औषधाचा आणि मालेगाव-धुळ्याकडं पोरं जिला कुत्ता गोळी म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांचा. पण झोपेच्या गोळ्याही एकदम बंद केल्या की फिट येऊ शकते, हे लक्षात घ्या. पोस्टकार्डावर त्यांनाही जागा हवी.

आणि काय नको? माणूस समुपदेशकाजवळ जे बोलला ते नको. चोऱ्या, मारामाऱ्या, बाहेरची भानगड, सावकाराचं देणं, काही नको. एका छापील अर्जात मला जातीचा रकानाही दिसला. कशाला, विचारलं तर उत्तर आलं, “पहिल्यापासून आहे.” संगणकीकरणाचा सगळ्यात मोठा धोका हाच: जुन्या अर्जातला निरुपयोगी रकाना कागदावर निदान रिकामा सोडता येत असे, संगणक तो भरल्याशिवाय पुढं जाऊच देत नाही.

आता ओळखीचा घोळ. जळगावला आलेला माणूस आणि धुळ्याला आलेला माणूस एकच आहे, हे नाव न उघडता ओळखायचं कसं? इंग्लंडमध्ये यासाठी बरीच वर्षं चाललेली पद्धत आहे. तिथल्या राष्ट्रीय नोंदीत माणसाचं पूर्ण नाव जात नाही. नावाची आद्याक्षरं, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून जुळवणी होते. मला ती फार आवडली. एका रात्री मी जुन्या वह्यांवर ती लावून पाहिली आणि हसावं की रडावं कळेना. आपल्याकडं अर्ध्या लोकांचा जन्म १ जूनचा! मास्तरांनी शाळेत घालताना जी तारीख टाकली ती. त्यात आडनाव पाटील, नाहीतर चौधरी, महाजन. शिरपूरकडं गेलात तर पावरा. ‘आर. बी. पाटील, पुरुष, १ जून’ असे एका मोठ्या गावात किती निघतील, मोजा. शिवाय ज्ञानेश्वर इंग्रजीत कुणी डी-नं लिहितो, कुणी जी-नं. इंग्लंडचं शहाणपण पारोळ्याच्या अलीकडंच अडकलं.

मग आभा क्रमांक वापरा, असं सुचवतात. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मिशनचा तो चौदा आकडी क्रमांक. त्यातली संमतीची कल्पना चांगली आहे, कागदपत्रं तुमच्या परवानगीनं उघडतात. ज्याला तो द्यायचा असेल त्यानं द्यावा. पण त्याच क्रमांकाखाली विम्याचे कागद आणि व्यसनमुक्तीचा दाखला एका माळेत येणार असतील, तर पुष्कळ जण केंद्राचं दारच चुकवतील. सक्ती नको. क्षयरोगासाठी निक्षय यंत्रणा आहे, तिथं सरकारला नाव लागतं. क्षय हवेतून पसरतो, डॉक्टरनं तो कळवणं बंधनकारक आहे. व्यसन तसं पसरत नाही. इथं सरकारला आकडा पुरे.

आम्ही शेवटी उलटीकडून विचार केला. दोन वर्षांची कामगत सांगतो. प्रयोग म्हणण्याएवढी ती मोठी नाही. गरोदर बाईकडं माता बाल संरक्षण कार्ड असतं. ती माहेरी गेली तरी तिथल्या नर्सला सगळं त्यावर सापडतं. कुठल्या संगणकानं ते नेलेलं नसतं, बाईनं नेलेलं असतं. तसं एक कार्ड, बँकेच्या एटीएम कार्डाएवढं, पेशंटच्या पाकिटात. वर केंद्राचं नाव नाही, नशामुक्तीचा हात वर केलेला शिक्का नाही. फक्त एक क्रमांक. आणि कार्डावर नसलेला एक गुप्त शब्द, जो त्यालाच ठाऊक. दुसऱ्या केंद्रात तो स्वतः कार्ड देईल, शब्द सांगेल, तेव्हा ते पोस्टकार्ड उघडेल. माहिती त्याच्याबद्दल फिरत नाही, त्याच्याबरोबर फिरते.

बेशुद्ध आला तर? कार्ड खिशात आहे, शब्द कुठला सांगणार? त्यासाठी आडदार ठेवलं आहे. डॉक्टरनं स्वतःच्या नावावर ते उघडायचं, कारण लिहायचं, आणि शुद्धीवर आल्यावर पेशंटला सांगायचं की अमक्यानं अमक्या वेळी तुझं कार्ड उघडलं होतं. डॉक्टरमंडळींना हे शेवटचं आवडत नाही. मला कळतं. पण चोरून पाहिलं गेलं नाही याचा पुरावा पेशंटच्या हाती असला की तोच पुढच्या वेळी आपण होऊन शब्द सांगतो.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मद्य आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात, आणि त्यात गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये स्पष्ट दिला आहे. डिजिटल माहितीच्या २०२३ च्या कायद्यात दिलेली संमती परत घेता येते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही, अल्प प्रमाणासाठी पकडलेला माणूस आपण होऊन उपचाराला आला तर त्याला काही अटींवर खटल्यातून सूट आहे. अमेरिकेत तर व्यसनाच्या नोंदींना इतर आजारांपेक्षा कडक वेगळं संरक्षण १९७० च्या दशकापासून आहे, कारण पोलिसांच्या भीतीनं माणसं येत नाहीत हे त्यांना आधी कळलं.

पण त्याच २०१७ च्या कायद्यानं एक पेच टाकला आहे, आणि बैठकीत त्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. कलम २५ प्रमाणं पेशंटला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. योग्यच. पण व्यसनात पेशंट एकटा नसतो. मुक्तांगण हे केंद्र २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. तिथं पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. बायको येते, बोलते, पहिल्यांदाच कुणाजवळ तरी रडते. त्यानं मला चटका दिला, पोरीच्या फीचे पैसे नेले, सासऱ्याचं लक्षण ठीक नाही. समुपदेशक ते लिहून घेतो. कुठं? आपल्याकडच्या बहुतेक वह्यांत त्याच्याच पानावर, खाली, ‘पत्नीचे म्हणणे’ म्हणून. उद्या तो घरी गेल्यावर आपल्या नोंदी मागतो. त्या छापून त्याच्या हातात जातात. त्या रात्री त्या घरात काय होईल?

मी हा रकाना बिनदिक्कत संगणकात केला होता. ‘पत्नीचे म्हणणे: पाचशे अक्षरे’. एरंडोलकडच्या एका ताईंनी बैठकीत विचारलं, “हे त्याला दिसंल का?” मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या हो. त्या काही बोलल्या नाहीत, उठून चहाचे कप गोळा करू लागल्या. तो रकाना मी त्या दिवशी काढला. आता बायकोचं पान वेगळं, तिच्या स्वतःच्या नावावर, तिच्या स्वतःच्या गुप्त शब्दानं. तीही पेशंटच आहे, हे संगणकाला समजावायला मला तीन आठवडे लागले. माणसांना अजून समजावतो आहे. त्या ताई तेव्हापासून जोडणीच्या आमच्या समितीत आहेत, आणि माझं कुठलंही नवं पान आधी त्यांना दाखवल्याशिवाय पुढं जात नाही.

खरा ताण मात्र आकड्यांवर आहे, आणि ते उघड बोलायला पाहिजे. अनुदानासाठी केंद्राला अहवालात पेशंटचे आकडे दाखवावे लागतात. आता तो पारोळ्याचा माणूस घ्या. जळगावच्या अहवालात तो ‘यशस्वी’ म्हणून सुटला, धुळ्याच्या अहवालात ‘नवीन रुग्ण’ म्हणून आला आणि पुन्हा ‘यशस्वी’ म्हणून सुटला. नंतर तो सुरतेला गेला असता तर तिसरं यशही त्याच्याच नावावर लागलं असतं. एक माणूस, तीन विजय, आणि दारू चालूच. नोंदी जोडल्या की हे उघडं पडतं. म्हणून सामायिक यंत्रणेला तोंडदेखलं ‘हो’ सगळे म्हणतात आणि जुन्या वह्या देताना मात्र किल्ली हरवते. मी त्यांना दोष देत नाही. मधुमेहाचा पेशंट पुन्हा आला तर डॉक्टर नापास झाला असं कुणी म्हणत नाही. व्यसनाचा आला की केंद्र नापास. पुन्हा घसरणं हा या आजाराचा भाग आहे, हे अनुदान देणाऱ्याच्या रकान्यात जोवर लिहिलं जात नाही, तोवर माझं कितीही सुंदर सॉफ्टवेअर खोटंच बोलेल. मला विचाराल तर ‘बरा झाला’ हा रकानाच काढावा आणि तिथं ‘किती दिवस संपर्कात आहे’ एवढंच विचारावं. त्यात घसरलेलाही बसतो, कारण घसरलेला माणूस फोन उचलतो तोवर तो आपलाच आहे.

फॉलो-अपचं वेळापत्रकही पुण्या-मुंबईच्या नमुन्यावर चालत नाही. सॉफ्टवेअर तीन महिन्यांनी फेरभेट दाखवतं. त्या तारखेला आमचा माणूस ऊस तोडायला गुजरातेत. तो परतणार आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे, आणि आखाजी म्हणजे पत्ते, पाहुणे आणि बाटली. मग आम्ही यंत्रणेत आपलं पंचांग घातलं: आखाजीच्या आधीच्या आठवड्यात एक फोन, पोळ्याच्या आधी एक, कानबाईच्या वेळी एक, सारंगखेड्याच्या यात्रेआधी एक. वैजापूर आणि बोराडीकडच्या लोकांना भेट बाजाराच्या दिवशीच. फोनही त्याचा नसतो, भावाचा किंवा बायकोचा. म्हणून संदेशात केंद्राचं नाव नाही. काय लिहायचं ते पेशंटनंच ठरवायचं. रावेरच्या एकानं सांगितलं, “केळीचा भाव कळवा, असं लिहा.” त्याला वर्षभर आम्ही तेच लिहीत होतो. तो उलट फोन करून म्हणायचा, “बठ्ठं ठीक शे.” एकदा खरोखरच भाव सांगितला, तेव्हा आम्ही ओळखलं की घरात कुणीतरी शेजारी बसलंय.

यंत्रांबद्दल फार बोलत नाही. वीज जाते, सातपुड्यात रेंज नसते, तेव्हा जे विजेशिवाय आणि रेंजशिवाय दिवसभर चालेल तेच घ्या. इंग्लंडनं २००२ साली सगळ्या सरकारी रुग्णालयांसाठी एकच राष्ट्रीय यंत्रणा उभारायला घेतली आणि अब्जावधी पौंड घालवून २०११ मध्ये गुंडाळली. त्यापुढं आपण कोण? कंपनीशी करार करताना फक्त एक कलम मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: आम्ही सोडून गेलो तर आमच्या नोंदी आम्हाला वाचता येतील अशा रूपात परत द्यायच्या आणि तुमच्याकडच्या पुसायच्या. आणि प्रिंटरची शाई कुणाच्या खर्चातून, ते आधी ठरवा. माझ्या अनुभवात बऱ्याच योजना शाईपाशी संपतात.

एक गोष्ट मात्र आमच्या नियमावलीतून सुटली, ती सांगून थांबतो. गेल्या पावसाळ्यात धुळ्याकडची एक बाई कार्ड घेऊन आली. नवऱ्याचं कार्ड. तो गेला होता, दारूनं नाही, मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. कार्ड टेबलावर ठेवून ती म्हणाली, “भाऊ, हाई कार्ड आते काय करू?” मी म्हटलं, द्या, आम्ही नोंद बंद करतो. तिनं दिलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, त्यात त्यानं सोडल्याचे दिवस लिहिलेत ना? लिहिले होते. आमच्या फोनवर तो दर वेळी आकडा सांगायचा आणि आम्ही तो टिपत होतो. शेवटचा होता २११. गावात सगळे म्हणत होते, प्यायला असणार म्हणून धडकला. तिला तो आकडा कागदावर हवा होता, सही-शिक्क्यासह, सासऱ्याला दाखवायला.

गुप्त शब्द तिला ठाऊक नव्हता. पेशंटशिवाय कुणाला काही छापून द्यायचं नाही, हा नियम मीच लिहिला होता, आणि मेलेल्या माणसाची संमती कुणी द्यायची याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. ती खुर्चीवर बसून होती. एरंडोलच्या ताई माझ्याकडं पाहत होत्या. मी आडदारानं नोंद उघडली, कारणाच्या रकान्यात ‘पत्नीनं मागितलं’ असं लिहिलं, आणि बाकी सगळं झाकून तो एक आकडा छापला. शिक्का ताईंनी मारला.